निर्देशिका सेवेचा क्लायंट डीमन आणि कॅशेची मुदत : महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेच्या संदर्भात

प्रस्तावना :

संगणक हा महाविद्यालयाच्या दैनंदिन कामकाजाचा अविभाज्य घटक झाला आहे, हे विधान आता इतके सर्वमान्य आहे की त्याची पुनरुक्ती करण्यात अर्थ नाही. तथापि प्रयोगशाळेतील चाळीस संगणकांपैकी कोणत्याही संगणकासमोर बसून विद्यार्थ्याने आपले नाव व पासवर्ड टंकित करावा आणि त्याला त्याच्याच फाइली दिसाव्यात, यामागे कोणती व्यवस्था काम करते याची चर्चा संगणकशास्त्र विभागाबाहेर क्वचितच होते. ही व्यवस्था अडखळते तेव्हा मात्र परिणाम सर्वच विभागांना भोगावे लागतात. जुलैमध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थिनीचे खाते तयार होऊनही 'असा वापरकर्ता अस्तित्वात नाही' असे उत्तर बराच वेळ येत राहते. परीक्षा समितीतून सकाळी मुक्त झालेल्या प्राध्यापकांना समितीचे फोल्डर दुपारीही उघडता येते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी सर्व्हर बंद पडला असता काही विद्यार्थी निर्वेधपणे आत जातात आणि त्यांच्याच बाकाशेजारचे विद्यार्थी बाहेर राहतात.

वरील तिन्ही प्रसंग वरवर पाहता परस्परांशी असंबद्ध वाटतात. प्रत्यक्षात ते एकाच ठिकाणी येऊन मिळतात. ते ठिकाण म्हणजे प्रत्येक संगणकावर पार्श्वभूमीत चालणारा निर्देशिका सेवेचा क्लायंट डीमन आणि त्याने स्वतःजवळ राखून ठेवलेली माहिती, अर्थात कॅशे. ही माहिती किती काळ ग्राह्य धरावी हे काही ओळींच्या एका फाइलमध्ये ठरते. प्रस्तुत लेखात त्या ओळींचा अर्थ, त्यांची मूळ मूल्ये व जामनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात ती कोणत्या विचाराने बदलावीत याचे विवेचन केले आहे. कॅशेची मुदत ही सामान्यतः वेगाची बाब समजली जाते. ती त्याहून अधिक प्रशासकीय बाब आहे, कारण जुन्या माहितीमुळे होणारे नुकसान कोणी व किती काळ सोसायचे हे तीतून ठरते, अशी या लेखाची भूमिका आहे.

निर्देशिका सेवेची पार्श्वभूमी :

'निर्देशिका' या शब्दाने दूरध्वनी निर्देशिकेचे स्मरण व्हावे हे स्वाभाविक आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८० च्या दशकात अशी सेवा 'यलो पेजेस' याच नावाने आणली होती. ते नाव ब्रिटनमध्ये नोंदणीकृत व्यापारचिन्ह असल्याने पुढे ती 'एनआयएस' म्हणून ओळखली जाऊ लागली. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८८ मध्ये 'एक्स ५००' ही प्रमाणप्रणाली सिद्ध झाली. परंतु ती सामान्य संगणकांना पेलण्याजोगी नव्हती. तिचे हलके रूप अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात टिम हाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केले आणि १९९३ मध्ये 'एलडॅप' या संज्ञेने ते प्रसिद्ध झाले. युनिक्स पद्धतीची वापरकर्ता-खाती एलडॅपमध्ये कशी मांडावीत याचा दस्तऐवज १९९८ मध्ये आला. आज मोठ्या शिक्षणसंस्थांत ही पद्धती रूढ आहे. आयआयटी मुंबईत विद्यार्थी व कर्मचारी यांना दिली जाणारी एलडॅप ओळख हे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण होय. तालुका पातळीवरील महाविद्यालयातही लिनक्सवर आधारित प्रयोगशाळा उभारावयाची असल्यास एक साधा संगणक सर्व्हर म्हणून पुरतो व त्यासाठी परवाना शुल्क पडत नाही.

डीमन म्हणजे पडद्याआड अखंड चालणारा कार्यक्रम. लिनक्स संगणकावर वापरकर्त्याचे नाव, क्रमांक, गट व पासवर्डची पडताळणी यांसाठी जे जे प्रश्न उद्भवतात ते हा डीमन सर्व्हरकडे नेतो आणि उत्तर परत आणतो. सध्या या कामासाठी 'एसएसएसडी' हा डीमन प्रामुख्याने वापरला जातो. २००९ पासून तो प्रचारात आला. त्यापूर्वी, आणि काही ठिकाणी अद्यापही, 'एनएससीडी' हा जुना डीमन केवळ नावे लक्षात ठेवण्याचे काम करीत असे. दोहोंचा विचार पुढे येईल.

प्रश्नांची संख्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक असते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. फाइलवर मालकाचे नाव लिहिलेले नसते, केवळ क्रमांक असतो. साठ विद्यार्थ्यांनी जमा केलेल्या साठ फाइलींची यादी शिक्षकाने पडद्यावर मागविली, की साठ क्रमांकांची साठ नावे शोधावी लागतात. प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारण्याऐवजी एकदा मिळालेले उत्तर जवळ ठेवणे हे शहाणपणाचेच आहे.

सातबाऱ्याचा उतारा आणि कॅशे :

खान्देशातील शेतकरी कुटुंबांना हा विषय समजावून देण्यासाठी परकीय उदाहरणाची आवश्यकता नाही. घरातील पेटीत जपून ठेवलेला सातबाऱ्याचा उतारा ही कॅशेच होय. तो दिला गेला त्या दिवशी तो खरा होता. त्यानंतर वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला, बँकेचा बोजा चढला किंवा उतरला, तरी पेटीतील कागदाला त्याची वार्ता नसते. शेताचा गट क्रमांक आठवून पाहण्यासाठी दहा वर्षांपूर्वीचा उतारा चालतो. पीककर्जासाठी मात्र बँक अलीकडच्या तारखेचा उतारा मागते. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावरून मिळू लागल्याने ताजी प्रत मिळविण्याचा खर्च कमी झाला आणि जुन्या प्रतीवर विसंबण्याचे कारण तितकेच कमी झाले. प्रत किती जुनी चालेल हे कागदावर अवलंबून नसून कामावर अवलंबून असते, आणि ताजी प्रत मिळविणे किती सोपे आहे यावरही. कॅशेची मुदत ठरविताना हेच दोन निकष लावावयाचे आहेत.

पहिली मुदत – अस्तित्वात असलेल्या नोंदींची :

एसएसएसडीच्या मांडणीची फाइल 'ईटीसी' फोल्डरमधील 'एसएसएसडी' या उपफोल्डरमध्ये असते. पुढे दिलेली नावे त्या फाइलमध्ये रोमन लिपीत, शब्द अधोरेषेने जोडून लिहावयाची असतात. फाइलमध्ये बदल केल्यानंतर डीमन पुन्हा सुरू केल्याखेरीज तो अमलात येत नाही.

मुख्य ओळ 'एन्ट्री कॅशे टाइमआउट' ही होय. तिचे मूळ मूल्य ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास आहे. एकदा मिळालेली नोंद दीड तासपर्यंत सर्व्हरला न विचारता ग्राह्य धरली जाते. यासोबत 'एन्ट्री कॅशे नोवेट पर्सेंटेज' ही दुसरी ओळ येते व तिचे मूळ मूल्य ५० आहे. मुदतीचा निम्मा भाग, म्हणजे पंचेचाळीस मिनिटे उलटल्यावर कोणी ती नोंद मागितली तर डीमन जुने उत्तर तत्काळ देतो आणि त्याच वेळी मागच्या दाराने सर्व्हरकडून नवे आणवून ठेवतो. परिणामी सतत वापरात असलेली नोंद सहसा पूर्ण दीड तास शिळी होत नाही. क्वचित वापरली जाणारी नोंद मात्र होऊ शकते. तिसरा थर 'मेमकॅशे टाइमआउट' याचा असून तो ३०० सेकंदांचा आहे. या थरातील उत्तर डीमनपर्यंतही जात नाही, थेट स्मृतीतून मिळते. त्यामुळे मुदत पाच मिनिटांहून कमी करू पाहणाऱ्या व्यवस्थापकाने हे मूल्यही कमी केले नाही तर त्याचा श्रम वाया जातो.

मुदत वाढवावी की घटवावी? वाढविण्याच्या बाजूने सर्व्हरवरील भार हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते थोडे गणित करून तपासून पाहणे इष्ट ठरेल. समजा, प्रयोगशाळेत चाळीस संगणक आहेत आणि एखादी नोंद प्रत्येक संगणकावर सतत मागितली जाते. मुदत एक मिनिट ठेवल्यास त्या नोंदीसाठी तासाला फार तर ४० गुणिले ६०, म्हणजे २४०० प्रश्न सर्व्हरकडे जातील. दीड तासाच्या मुदतीत हीच संख्या तासाला सुमारे २७ भरते. अंतर मोठे दिसते खरे. परंतु २४०० प्रश्न म्हणजे सेकंदाला एक प्रश्नही नव्हे, आणि योग्य प्रकारे अनुक्रमित केलेला साधा एलडॅप सर्व्हर सेकंदाला शेकडो प्रश्न सहज हाताळतो. तेव्हा एकाच इमारतीतील चाळीस संगणकांच्या बाबतीत भाराचे कारण फारसे टिकत नाही. सर्व्हर दुसऱ्या गावी, संस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयात असेल आणि मधला दुवा मंद किंवा बेभरवशाचा असेल, तर प्रत्येक प्रश्नाला लागणारा वेळ वाढतो व मोठ्या मुदतीला खरा आधार मिळतो. मोठ्या संस्थांसाठी लिहिलेली शिफारस लहान प्रयोगशाळेने जशीच्या तशी उचलू नये ती याच कारणाने.

एसएसएसडीमध्ये वापरकर्ते व गट यांना वेगळ्या मुदती देता येतात आणि ही सोय अवश्य वापरावी. विद्यार्थ्याचे नाव व क्रमांक वर्षभर बदलत नाहीत. त्यांना दीड तास कशाला, पूर्ण दिवस दिला तरी बिघडत नाही. गटांचे तसे नाही. परीक्षा समिती, प्रवेश समिती, ग्रंथालय विभाग हे गट म्हणजेच अधिकार होत, आणि अधिकार काढून घेतल्याचा आदेश निघाल्यानंतर तो किती वेळाने प्रत्यक्षात यावा हे 'एन्ट्री कॅशे ग्रुप टाइमआउट' या ओळीने ठरते. तिचे मूल्य ३०० सेकंद ठेवल्यास भाराच्या दृष्टीने काहीही बिघडत नाही, हे वरील गणितावरून स्पष्ट आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. परीक्षा समितीतून मुक्त झालेल्या प्राध्यापकांना फोल्डर दुपारपर्यंत उघडता आले, याचे कारण नेहमी त्यांच्यासमोरील संगणकाची कॅशे असतेच असे नाही. वापरकर्ता लॉगिन करतो त्या क्षणी, सर्व्हर उपलब्ध असल्यास, एसएसएसडी कॅशेची मुदत न पाहता त्याची गटनोंद ताजी करून घेतो. परंतु लॉगिनच्या वेळी मिळालेले गट त्या संपूर्ण सत्रापुरते कायम राहतात. सकाळी दहाला लॉगिन केलेली व्यक्ती लॉगआउट करीत नाही तोपर्यंत कोणतीही कॅशे रिकामी करून उपयोग नाही. शिवाय ज्या सर्व्हरवर ते फोल्डर आहे त्याच्यावरही क्लायंट डीमन असतो आणि त्याची स्वतःची कॅशे असते. अधिकार काढताना सत्र बंद करविणे व फाइल सर्व्हरवरील नोंद अवैध करणे ही दोन कामे कार्यालयीन आदेशाच्या बरोबरीनेच केली गेली पाहिजेत.

दुसरी मुदत – नसलेल्या नोंदींची :

पोस्टमन नव्या वसाहतीत एखाद्याचा शोध घेतो, घर सापडत नाही, आणि पाकिटावर तसा शेरा मारून ते परत पाठवितो. दुसऱ्या दिवशी ते कुटुंब राहावयास आले तरी शेरा पाकिटावर कायमच असतो. डीमनही 'सापडले नाही' हे उत्तर काही काळ लक्षात ठेवतो. 'एन्ट्री निगेटिव्ह टाइमआउट' या ओळीने तो काळ ठरतो व त्याचे मूळ मूल्य केवळ १५ सेकंद आहे. अशी योजना अनावश्यक नाही. चुकीच्या टंकलेखनामुळे किंवा एखाद्या कार्यक्रमाच्या दोषामुळे अस्तित्वात नसलेल्या नावाची विचारणा सेकंदाला अनेकदा होऊ लागते, तेव्हा तिचा मारा सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही.

मूळ मूल्य इतके अल्प असताना नव्या विद्यार्थिनीला तासभर नकार का मिळावा? बहुधा पूर्वी कोणीतरी वेगाच्या अपेक्षेने हे मूल्य ३६०० सारखे मोठे करून ठेवलेले असते. तसे नसल्यास कॅशेला दोष देण्यापूर्वी निर्देशिकेतील नोंदच पाहावी. नाव भरलेले असते, परंतु युनिक्स खात्यास आवश्यक असलेला वापरकर्ता क्रमांक रिक्त राहिलेला असतो आणि अशी अपुरी नोंद डीमन ओळखत नाही. प्रवेशाच्या धांदलीत शेकडो नोंदी एकाच वेळी भरताना हे हमखास घडते. सकारात्मक मुदत वाढविण्याची कारणे संभवतात. नकारात्मक मुदत वाढविण्याचे समर्थन लहान महाविद्यालयात जवळजवळ कधीच करता येत नाही. ती वाढविल्याने वाचणारे प्रश्न नगण्य असतात आणि जिला प्रवेशद्वाराशी थांबावे लागते ती व्यक्ती नवखी असते, कोणाला विचारावे हे तिला ठाऊक नसते.

सर्व्हर नसताना – पासवर्डची कॅशे :

आतापर्यंत नावांचा विचार झाला. पासवर्डचा विचार स्वतंत्र आहे, आणि तालुक्याच्या महाविद्यालयासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. वीजपुरवठा खंडित होतो. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंशांच्या घरात जाते, आणि वातानुकूलन नसलेल्या खोलीतील सर्व्हर उष्णतेने स्वतःहून बंद होऊ शकतो. दुर्दैवाने हाच काळ परीक्षांचा असतो.

'कॅशे क्रेडेन्शियल्स' ही ओळ मुळात नकारार्थी असते. म्हणजे सर्व्हर बंद असल्यास कोणासही लॉगिन करता येत नाही. ती होकारार्थी केल्यास डीमन यशस्वी लॉगिननंतर पासवर्डचे एकदिश गणिती रूप त्या संगणकावर जतन करतो व सर्व्हर नसताना त्याच्याशी पडताळणी करतो. मूळ पासवर्ड साठविला जात नाही. यातील मर्म असे की ही साठवण त्या विशिष्ट संगणकापुरती असते. ज्या विद्यार्थ्याने पाचव्या क्रमांकाच्या संगणकावर पूर्वी कधीतरी सर्व्हर सुरू असताना लॉगिन केले आहे त्याला तेथेच प्रवेश मिळतो. बाराव्या क्रमांकाच्या संगणकासाठी तो अनोळखी असतो. परीक्षेच्या दिवशी काही विद्यार्थी आत आणि काही बाहेर, हे दृश्य यामुळेच दिसते. पासवर्ड बदललेल्या विद्यार्थ्याची स्थिती आणखी विचित्र होते. त्याने बदल पाचव्या संगणकावर केला असेल, तर सर्व्हर बंद असताना बारावा संगणक त्याचा नवा पासवर्ड नाकारतो व जुना स्वीकारतो. विद्यार्थी खोटे बोलत आहे असा समज पर्यवेक्षकाने करून घेऊ नये.

उपाय सोपा असून त्यासाठी खर्च लागत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेची आसनव्यवस्था दोन-तीन दिवस आधी निश्चित करून प्रत्येक विद्यार्थ्यास त्याच्या नियोजित संगणकावर एकदा लॉगिन करावयास लावावे. मात्र विद्यार्थ्यांचे गृह-फोल्डर सर्व्हरवर असेल तर एवढ्याने भागत नाही. ओळख पटते, पण काम ठेवावयास जागा मिळत नाही. परीक्षेपुरते गृह-फोल्डर स्थानिक संगणकावर ठेवणे व परीक्षा संपताच फाइली एकत्र करणे हा मार्ग त्या वेळी स्वीकारावा लागतो.

या सोयीची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. 'ऑफलाइन क्रेडेन्शियल्स एक्स्पिरेशन' हे मूल्य दिवसांत मोजले जाते, शेवटच्या यशस्वी ऑनलाइन लॉगिनपासून. त्याचे मूळ मूल्य शून्य आहे आणि येथे शून्याचा अर्थ 'मुदत नाही' असा होतो, 'मुदत संपली' असा नव्हे. समजा, एखाद्या व्यक्तीचे खाते सर्व्हरवर आज बंद केले. तिने पूर्वी वापरलेल्या संगणकाला ही बातमी कळण्यापूर्वी नेटवर्कची तार काढून ठेवली, तर तो संगणक सर्व्हर उपलब्ध नाही असे समजतो आणि जुन्या पासवर्डवर तिला प्रवेश देतो, आज, पुढील महिन्यात आणि पुढील वर्षीही. प्रयोगशाळेत हे मूल्य ३ दिवस ठेवणे पुरेसे वाटते: शनिवार व रविवार त्यात बसतात. लेखा विभाग व परीक्षा विभाग यांच्या संगणकांवर पासवर्डची कॅशे बंदच ठेवावी. सर्व्हर बंद असताना त्या विभागांचे काम थांबणे हे चुकीच्या व्यक्तीने काम करण्यापेक्षा बरे. याच गटातील 'ऑफलाइन फेल्ड लॉगिन अटेम्प्ट्स' या ओळीचे मूळ मूल्यही शून्य म्हणजे अमर्याद आहे. सर्व्हर नसताना कोणी कितीही वेळा पासवर्डचा अंदाज लावून पाहावा अशी मुभा ठेवण्याचे कारण नाही. तीन प्रयत्न पुरेत. त्यानंतरचा थांबा मुळातच पाच मिनिटांचा आहे.

घड्याळाचा घोटाळा :

जुन्या संगणकांच्या प्रयोगशाळेत आढळणारी एक अडचण मांडणीच्या पुस्तिकांत सहसा सापडत नाही. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर वीज जाऊन आल्यावर संगणकाचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. एसएसएसडी एलडॅपवरील पासवर्ड पडताळणी सांकेतिक संरक्षण असलेल्या जोडणीखेरीज करीत नाही, आणि त्या जोडणीसाठी सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले जाते. घड्याळ २०१० साल दाखवीत असेल तर २०२५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र 'अद्याप अमलात न आलेले' ठरते व जोडणी नाकारली जाते. डीमनच्या दृष्टीने सर्व्हर उपलब्ध नसतो. तो कॅशेवर काम चालवितो, लॉगिन होत राहते आणि बिघाड कोणाच्या लक्षात येत नाही. त्यातच नोंद कधी शिळी होणार याची वेळ कॅशेत निरपेक्ष दिनांकाने लिहिलेली असते. घड्याळ मागे गेल्यावर ती वेळ फार दूरच्या भविष्यात जाते आणि शिळी नोंद ताजीच समजली जाते. अशा संगणकावर मुदतीचे कोणतेही मूल्य व्यर्थ आहे. पन्नास रुपयांच्या आसपास मिळणारी बॅटरी बदलणे आणि इमारतीतील सर्व्हरवरून वेळ जुळवून घेणे हा खरा उपाय होय.

कॅशे रिकामी करणे :

अडचण आली की डीमन थांबवून कॅशेच्या फाइली पुसाव्यात व तो पुन्हा सुरू करावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो परिणामकारक असला तरी अविवेकी आहे, कारण नावांच्या बरोबर जतन केलेले पासवर्डही नष्ट होतात. परीक्षेच्या आदल्या सायंकाळी असे केले आणि सकाळी सर्व्हर बंद पडला तर एकही विद्यार्थी आत जाऊ शकत नाही. त्याऐवजी 'एसएसएस कॅशे' ही आज्ञा वापरावी. ती एखाद्या वापरकर्त्याची, एखाद्या गटाची अथवा सर्वच नोंदींची मुदत संपल्याची खूण करते, नोंद पुसत नाही. सर्व्हर उपलब्ध असेल तर पुढील विचारणेत ताजी माहिती येते. नसेल तर जुनी कामाला येते.

जुना एनएससीडी डीमन एसएसएसडीच्या जोडीने चालू राहिला असेल तर घोळ दुणावतो. त्याच्या प्रचलित मांडणीत वापरकर्त्यांची मुदत ६०० सेकंद व गटांची ३६०० सेकंद असते. एसएसएसडीमधील गटाची नोंद पाच मिनिटांत ताजी झाली तरी तिच्या वर बसलेला एनएससीडी तासभर जुनेच उत्तर देत राहतो. त्याच्या फाइलमध्ये 'चेक फाइल्स' ही ओळ होकारार्थी पाहून अनेकांची फसगत होते. ती ओळ स्थानिक संगणकावरील खात्यांच्या फाइलवर लक्ष ठेवते. एलडॅप सर्व्हरवरील बदलाशी तिचा काहीही संबंध नाही. दोन्ही डीमन आवश्यकच असतील तर एनएससीडीमधील वापरकर्ते व गट यांची कॅशे बंद करून केवळ संगणकांच्या नावांची ठेवावी.

जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदी :

'अकाउंट कॅशे एक्स्पिरेशन' हे मूल्यही मुळात शून्य असते, म्हणजे एकदा लॉगिन केलेल्या विद्यार्थ्याची नोंद त्या संगणकावरून आपोआप कधीच जात नाही. तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून गेलेल्या अनेक तुकड्यांची नावे व पासवर्डची गणिती रूपे त्या चकतीवर साचत राहतात. ही फाइल केवळ मुख्य व्यवस्थापकाला वाचता येते हे खरे, परंतु पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करणाऱ्याला ते बंधन लागू होत नाही. म्हणून बायोसला पासवर्ड असणे ही कॅशेच्या मांडणीचीच पूर्वअट मानली पाहिजे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाल्यानंतर या साठ्याकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून पाहता येणार नाही. सदर मूल्य एका सत्राएवढे, म्हणजे १८० दिवस ठेवावे. ते ऑफलाइन मुदतीपेक्षा कमी असता कामा नये. साफसफाईचे काम नव्या आवृत्त्यांत मुळात बंद असल्याने 'एलडॅप पर्ज कॅशे टाइमआउट' हेही मूल्य द्यावे लागते, अन्यथा १८० हा आकडा फाइलमध्ये नुसता बसून राहतो. संपूर्ण निर्देशिकेची यादी प्रत्येक संगणकावर उतरवून घेणारी 'एन्युमरेट' ही ओळ मुळात बंद असते. ती तशीच राहू द्यावी.

दिवाळीच्या सुटीनंतर प्रयोगशाळा उघडताना तीन दिवसांची ऑफलाइन मुदत केव्हाच संपलेली असते. त्या सकाळी प्रथम सर्व्हर, त्यानंतर नेटवर्क स्विच आणि शेवटी विद्यार्थ्यांचे संगणक या क्रमाने वीज द्यावी व प्रयोगशाळा सहायकाने एका संगणकावर लॉगिन करून सर्व्हरशी जोडणी झाल्याची खात्री करून घ्यावी. भंगारात द्यावयाच्या संगणकांची चकती मात्र काढून घेऊन वेगळी नष्ट करावी, आणि जडवस्तू नोंदवहीत त्या संगणकाच्या नावापुढे तशी नोंद करावी.